विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र: फेलोशिप द्या, निदान तारीख तरी द्या

मा. केंद्रीय विज्ञान आणि तंत्रज्ञान मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी अमळनेर तालुक्यातली, तापीकाठच्या एका खेड्यातली. फिजिक्समध्ये पीएचडी करते, विषय लेझर-प्लाझ्मा, ज्याला हाय एनर्जी डेन्सिटी प्लाझ्मा म्हणतात तो. परवा आमच्या लॅबला मेल आला की प्रोजेक्टचा दुसरा हप्ता मागच्या आर्थिक वर्षात रिलीज होऊ शकला नाही, तरी नव्याने मागणी पाठवावी. बस, दोन ओळी. त्या हप्त्यातून आम्ही टार्गेटच्या फॉइल, म्हणजे ज्यावर लेझर मारायचा ते पातळ पत्रे, आणि डिटेक्टर घेणार होतो, आणि ते हातात नसल्यामुळे देशातल्या एका मोठ्या लेझरवर आम्हाला मिळालेला बीम टाइम, म्हणजे प्रयोगासाठी ठरवून दिलेला वेळ, सोडावा लागला, तो दुसऱ्या ग्रुपला गेला. त्यांचा काही दोष नाही, आमचाही नाही. मग कोणाचा ते तुम्ही सांगा, म्हणून हे पत्र.

संस्थेचं नाव लिहीत नाही, योजनेचंही लिहीत नाही. गाईडचे पुढचे प्रपोजल अडकतील ही भीती आहे आणि ती भीती खरी आहे, कुठल्याही लॅबमध्ये जाऊन दार लावून विचारा.

आधी हे काम काय आहे ते सांगते, कारण फाईलवर सही करणाऱ्याला ते माहीत असतं असं मला वाटत नाही. सेकंदाचे एकावर पंधरा शून्य इतके तुकडे करा, त्यातले पंचवीस-तीस तुकडे एवढाच वेळ चालणारा लेझरचा झोत आम्ही केसापेक्षा कितीतरी पातळ धातूच्या पत्र्यावर मारतो. तेवढ्यात तो पत्रा पत्रा राहत नाही, प्लाझ्मा होतो, म्हणजे अणूंतून इलेक्ट्रॉन सुटलेला तापलेला वायू, आणि त्यात वातावरणाच्या दहा लाख पट आणि त्याहूनही जास्त दाब तयार होतो, जो एरवी गुरूच्या पोटात नाहीतर ताऱ्यांच्या आत सापडतो. पत्र्याच्या मागच्या बाजूने प्रोटॉन सुटतात. ते मोजायला सीआर-३९ नावाचं प्लास्टिक लावतो, तेच जे चष्म्याच्या काचेला वापरतात. प्रोटॉन आत घुसल्याची खूण डोळ्याला दिसत नाही, म्हणून ते प्लास्टिक कॉस्टिक सोड्याच्या ७० डिग्रीच्या पाण्यात काही तास ठेवायचं, मग मायक्रोस्कोपखाली बारीक बारीक खड्डे दिसतात आणि ते मोजत बसायचं. मला हे मोजायला आवडतं साहेब, रात्र कधी होते कळत नाही. फॉइल काही मायक्रॉनची असते, चिमट्याला चिकटते, जवळ श्वास सोडला तरी उडते, ती पंखा बंद करून फ्रेमवर बसवायची. आणि प्रत्येक शॉटला तिला भोक पडतं, म्हणजे पुढच्या शॉटला नवी जागा पाहिजे, म्हणजे फॉइल भरपूर लागते. फॉइल नाही तर शॉट नाही. एवढं साधं आहे.

आता ही फॉइल घ्यायची कशी? सरकारी पोर्टलवर ॲल्युमिनियम फॉइल शोधलं की पोळ्या गुंडाळायचं फॉइल समोर येतं. मग 'उपलब्ध नाही' असा दाखला काढा, तीन कोटेशन आणा, सगळ्यात स्वस्तवाल्याकडून घ्या, आणि जगात ती वस्तू बनवणारे दोन-तीनच असले तरी तीन कोटेशन पाहिजेतच. गेल्या वर्षी, २०२५ च्या जूनमध्ये, तुमच्या सरकारने संशोधनाच्या खरेदीचे नियम सैल केले, संस्थाप्रमुखांना पोर्टलबाहेर घ्यायची मुभा दिली. ते चांगलं केलं, त्याचे आभार मानते. पण संशोधन संस्थांच्या उपकरणांवरचा जीएसटी जुलै २०२२ मध्ये ५ टक्क्यांवरून १८ वर नेला तो परत खाली आणायला कोणी तयार नाही. एका खिशातून ग्रँट देता आणि दुसऱ्या खिशात १८ टक्के परत घेता, आणि वरून विज्ञानावर खर्च वाढवला म्हणता.

पैसा कमी आहे ही तक्रार मागाहून. पहिली तक्रार पैसा वेळेवर येत नाही ही आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आला तर ३१ तारखेच्या आत खर्च करा नाहीतर परत जाणार, आणि नाही आला तर पुढच्या वर्षी पहिल्यापासून कागद. युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे आधीचा पैसा कसा खर्चला त्याचा दाखला, आम्ही वेळेत दिलं होतं, सही-शिक्क्यासकट. ते तिकडे अपलोड झालं, तिकडून 'अंडर प्रोसेस' झालं, आणि तिथेच बसलं.

माझ्या फेलोशिपचंही तसंच. जानेवारी २०२३ पासून महिन्याला जेआरएफ (ज्युनियर फेलोशिप) ३७ हजार आणि एसआरएफ (सीनियर फेलोशिप) ४२ हजार केले, पेपरात मोठी बातमी आली, गावात लोकांनी आप्पांना पेढे मागितले. कागदावर मी ४२ हजारवाली आहे. खात्यात शेवटचा पैसा दिवाळीच्या आधी पडला, आता आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली तरी काही नाही. फोन लावला तर सांगतात नवीन पेमेंट सिस्टिम आहे, खातं मॅप होतंय. मेसचं बिल थकलं, रूम पार्टनरकडून उसने घेतले, तिची फेलोशिप दुसरीकडून येते म्हणून बरं. एकाच लॅबमध्ये एकाच्या घरून पैसे येतात तो पेपर लिहितो आणि दुसरी शाळेच्या पोरांच्या ऑनलाइन ट्यूशन घेते, मग गाईड विचारतात ॲनालिसिस कुठपर्यंत आलं. मला खोटं बोलावं लागलं त्यांच्याशी. पीएचडीला बाहेर पैसे कमवायची परवानगी नाही आणि आत मिळायची सोय नाही.

आखाजीला घरी आले. आमच्या खान्देशात आखाजीला पोरी माहेरी येतात, मीही आले, आत्या आल्या होत्या. आमरस वाढता वाढता आत्याने विचारलं, पगार किती गं तुला? मी आकडा सांगितला, खरा काय ते सांगितलं नाही. आप्पा मात्र ओळखून आहेत, कारण रूमचं भाडं तेच पाठवतात. ते मला अहिराणीत म्हणाले, "सरकारना पैसा शे माय, तो काय बुडस का?" त्यांचा अजून विश्वास आहे. ते भाडं कुठून आलं ते ऐका. कापूस खेडा खरेदीत हमीभावाच्या खाली गेला, कारण सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, सेंटरवर नोंदणी, ओलावा, नंबर, आणि तोवर सोसायटीचं कर्ज थांबत नाही. हमीभाव ७७१० जाहीर होता मध्यम धाग्याला, लांब धाग्याला ८११०. आणि माल बाजारात यायच्या तोंडावर ऑगस्ट २०२५ मध्ये तुमच्याच सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क डिसेंबरपर्यंत काढून टाकलं. तो कमी भावात विकलेला कापूस माझ्या रूमच्या भाड्यात गेला, म्हणजे सरकारने मला द्यायचे पैसे आमच्या कोरडवाहू रानाने दिले. हे तुमचं खातं नाही हे मला समजतं. पण २०१९ च्या जानेवारीत जालंधरच्या सायन्स काँग्रेसमध्ये पंतप्रधानांनी 'जय जवान, जय किसान, जय विज्ञान'ला 'जय अनुसंधान' जोडलं ना, तर आमच्या एका घरात किसान पण आहे आणि अनुसंधान पण, दोघांचे पैसे अडकलेत. जयजयकार कशाला करता मग?

तुम्ही म्हणाल निधी भरपूर आहे. एएनआरएफला, म्हणजे संशोधनाला पैसा देणाऱ्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनला, पाच वर्षांत ५० हजार कोटी. त्यातले सरकारचे १४ हजार कोटी, उरलेले ३६ हजार कोटी बाहेरून, म्हणजे कंपन्या आणि दानशूर लोकांकडून यायचेत. कुठली कंपनी येणार आहे तांब्याच्या पत्र्यावर लेझर मारून प्रोटॉन मोजायला पैसे द्यायला? नंतर २०२५ मध्ये एक लाख कोटींची आरडीआय (रिसर्च, डेव्हलपमेंट अँड इनोव्हेशन) योजना काढली, तीही मुख्यतः खाजगी क्षेत्राला कमी व्याजाची लांब मुदतीची कर्जं द्यायला. लाख कोटी ऐकून गावातले लोक मला म्हणतात आता तर तुमची चांदी आहे. देश एकूण संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो, चीन अडीच टक्क्यांच्या आसपास, कोरिया आणि इस्रायल पाचच्या घरात किंवा वर. हे आकडे तुमच्याच खात्याच्या लोकांना तोंडपाठ असतील, दरवर्षी कुठल्या ना कुठल्या अहवालात येतातच.

आणि हे क्षेत्र असं आहे की इथे लगेच काही मिळत नाही. अमेरिकेच्या लिव्हरमोअर लॅबमध्ये १९२ लेझरची नॅशनल इग्निशन फॅसिलिटी २००९ मध्ये सुरू झाली, २०१२ पर्यंत इग्निशन, म्हणजे अणुकेंद्रं जुळवून टाकलेल्या लेझरपेक्षा जास्त ऊर्जा, करून दाखवू म्हणाले होते, झालं नाही, संसदेत प्रश्न आले, टीका झाली. तरी बंद नाही केली. ५ डिसेंबर २०२२ ला २.०५ मेगाज्यूल लेझर ऊर्जा टाकून ३.१५ मेगाज्यूल बाहेर काढली. ग्रीडमधून ३०० मेगाज्यूलच्या आसपास ओढले होते, त्यामुळे वीज काही लगेच बनत नाही, आणि त्यांचा मूळ पैसा अण्वस्त्रांच्या देखभालीसाठी येतो हेही खरं. पण तेच सरकार विद्यापीठांतल्या लहान ग्रुपसाठी वेगळा कार्यक्रम चालवतं, २०१८ पासून लेझरनेट यूएस नावाने विद्यापीठांचे आणि राष्ट्रीय लॅबचे मोठे लेझर जोडलेत, प्रपोजल निवडलं गेलं की बीम टाइमला पैसे पडत नाहीत. आणि आम्ही वापरतो तसले अतिलहान झोताचे लेझर ज्या तंत्रावर चालतात, चर्प्ड पल्स ॲम्प्लिफिकेशन (झोत आधी ताणायचा, मग वाढवायचा, मग परत आखडायचा), ते १९८५ मध्ये रोचेस्टरमध्ये डॉना स्ट्रिकलंडने जेरार मूरूंबरोबर केलं, ती तेव्हा पीएचडीची विद्यार्थिनी होती. नोबेल मिळालं २०१८ ला. पीएचडीच्या पोरांचा पैसा अडवताना हे एवढं लक्षात असू द्या.

आपल्याकडे काही नाही असं मी मुळीच म्हणत नाही. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये १०० टेरावॅटच्या घरातला लेझर आहे, इंदूरला आरआरकॅटमध्ये १५० टेरावॅटचा, धुळ्यावरून आग्रा रोडने सेंधवा ओलांडलं की इंदूर काही लांब नाही आम्हाला. गांधीनगरच्या प्लाझ्मा संस्थेने १९८९ ला आदित्य टोकामॅक, म्हणजे प्लाझ्मा चुंबकांनी कोंडून ठेवणारं यंत्र, चालवला. आणि माझ्या गावाजवळून वाहते तीच तापी जिथे समुद्राला मिळते तिथे हजिऱ्याला लार्सन अँड टुब्रोने फ्रान्समधल्या आयटर या आंतरराष्ट्रीय फ्युजन प्रकल्पासाठी क्रायोस्टॅट, म्हणजे सगळं यंत्र थंड निर्वातात ठेवणारं भांडं, बनवलं, ३८५० टनांचं, २९ मीटर उंच, शेवटचे भाग २०२० मध्ये रवाना झाले. मी तेव्हा बीएस्सीला होते, तो व्हिडिओ आप्पांना दाखवला होता, सुरतला जाणाऱ्या गाडीने तिकडे जाता येतं म्हणून सांगितलं होतं. त्याच दिवशी ठरवलं की मी प्लाझ्मातच काम करणार. मग त्याच तापीवर आमच्या तालुक्यात पाडळसऱ्याचं धरण आहे, नव्वदच्या दशकात मंजूर झालेलं, अजून पूर्ण नाही, किंमत मात्र कुठल्या कुठे गेली, पिढी म्हातारी झाली. निवडणुकीला दरवेळी तेच धरण, तेच नारळ. आता कळलं की धरण असो की फेलोशिप, मंजुरी आणि पैसा यांच्यामध्ये जी जागा आहे तिथे आमच्यासारख्या लोकांची वर्षं जातात आणि कुणाची नोकरी जात नाही, कुणाचं प्रमोशन थांबत नाही. तुमच्या खात्यातल्या कुठल्याही बाबूचा एक तारखेचा पगार एक दिवस उशिरा करून बघा, दुपारपर्यंत संघटना गेटवर येईल. आमची संघटना नाही. आम्ही ट्विट करतो, तिथे तुमच्या ऑफिसचा हात जोडलेला रिप्लाय येतो, कृपया डीएम करा.

माझ्याबरोबर एमएस्सी केलेली पोरं बँकेत लागली, तलाठी झाली, एक जण जर्मनीत गेला, त्याच विषयात, त्याचा कॉन्ट्रॅक्ट आणि पगार पहिल्या दिवसापासून लिहून दिलेला. मला तो म्हणतो ये. मला इथंच राहायचंय साहेब, इथल्या लेझरवर काम करायचंय. पण घरून पैसे येणाऱ्यांनीच फक्त मूलभूत विज्ञान करायचं असं जर ठरलं असेल तर जाहिरातीत तसं लिहा, शेतकऱ्यांच्या पोरी अर्ज तरी करणार नाहीत.

मागतेय ते जास्त नाही. फेलोशिप महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, पगारासारखी, आणि उशीर झाला तर व्याजासह, जसं आम्ही सोसायटीला देतो. जेवढे महिने पैसा अडकला तेवढे महिने मुदत वाढवून मिळावी, कारण फेलोशिपच्या पाच वर्षांचं घड्याळ तुमच्याकडून पैसा येत नसतानाही चालूच असतं. न खर्चलेली ग्रँट पुढच्या वर्षात तशीच राहू द्या, लेझरला ३१ मार्च कळत नाही. ज्यांना मोठ्या लेझरवर बीम टाइम मिळाला त्यांच्या टार्गेट-डिटेक्टरसाठी छोटा राखीव निधी ठेवा, जो महिन्याभरात सुटेल. आणि तो १८ टक्के जीएसटी काढा, अर्थमंत्र्यांशी बोला, एकाच सरकारात आहात.

या पत्राला 'आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवण्यात आले आहे' असं उत्तर देऊ नका, तसलं आधीच आलंय. संबंधित अधिकाऱ्याचं नाव, थेट फोन नंबर आणि पैसे कुठल्या तारखेला खात्यात येतील ती तारीख, एवढं द्या. आमच्या गाईडना नवीन मागणीपत्र याच महिन्यात पाठवायचंय आणि बीम टाइमच्या पुढच्या अर्जात टार्गेट तयार आहेत की नाहीत हे लिहावं लागतं. मी काय लिहू?

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी
ता. अमळनेर, जि. जळगाव