कोल क्रीकचा काटा

नॉक्सव्हिल, टेनेसी

ती. नानाकाकांना सा. न.

तुमची नोकरी बल्लारपूरच्या खाणीत काट्यावर गेली, म्हणून इथल्या कोल क्रीकच्या कोळसा खाणकामगारांच्या बंडाची हकिकत तुम्हालाच लिहितो. त्या गावाला आता रॉकी टॉप म्हणतात.

सगळं पेटलं ते वजनावरून. मजुरी टनावर, डबा भरायचा कामगाराने, तोलायचा कंपनीने. काट्यावर आपला माणूस ठेवायचा हक्क कामगारांना कायद्याने होता. शेजारच्या ब्राइसव्हिलच्या खाण कंपनीने १८९१ मध्ये तो नाकारला, वर संप न करण्याचा करार पुढे केला. कामगार सही करेनात, तेव्हा जुलैत ४० कैदी आणले आणि कामगारांची घरं पाडून कैद्यांसाठी लाकडी कोट उभारला.

कैद्यांचा व्यवहार असा: राज्याने अख्खा तुरुंग टेनेसी कोल, आयर्न अँड रेलरोड कंपनीला वर्षाला सुमारे १ लाख डॉलरने दिलेला, ती इतर खाणींना पोटभाड्याने देई. भाडं ठरलेलं, म्हणजे कैद्याकडून जितका जास्त कोळसा तितका नफा. ठरलेला कोळसा निघाला नाही की चाबूक. बहुतेक कैदी काळे. आणि मजूर संपाला कचरतात हाही कैद्यांचा उपयोग आहे, हे कंपनीचे आर्थर कॉलियर उघड बोलत.

१४ जुलैच्या रात्री सुमारे ३०० हत्यारबंद कामगारांनी कोट वेढला, कैद्यांना चालवत स्टेशनवर नेलं आणि नॉक्सव्हिलच्या गाडीत बसवलं. गव्हर्नर बुकॅनन सैन्यासह त्यांना परत घेऊन आले. २० तारखेला कामगार हजारोंनी जमले. या वेळी कैद्यांबरोबर पहारेकरी आणि सैनिकही गाडीत. पण गाडीने गेलेला कैदी गाडीनेच परत येतो, हीच या युक्तीतली खोट. विधिमंडळानेही भाडेपट्टा रद्द केला नाही. म्हणून ३१ ऑक्टोबरला रीत बदलली: दारं उघडली, कैद्यांना साधे कपडे दिले, कोट जाळला. हे मला सगळ्यात मोठं वाटतं, कारण तोवर कैदी म्हणजे त्यांच्या पोटावर आलेला माणूस.

पुढे सरकारने टेकडीवर तोफांसह किल्ला बांधला. ऑगस्ट १८९२ मध्ये जनरल कार्न्सच्या फौजेने शेकडो कामगार पकडले. लढाई ते हरले, पण सैन्याचा खर्च भाड्याला भारी पडला. १८९५ अखेर मुदत संपल्यावर राज्याने पट्टा पुन्हा दिला नाही. कैदी मात्र कोळसा खणतच राहिले, आता ब्रशी माउंटनच्या सरकारी तुरुंगाच्या खाणीत. शेजारच्या अलाबामात तर भाड्याने देणं १९२८ पर्यंत चाललं.

काकूंना नमस्कार.

आपला,
सुहास