कोलंबसहून मंदारला, इन्शुरन्सबद्दल

प्रिय मंदार,

तुझा मेसेज वाचला. कंपनी तुला इकडे पाठवतेय हे ऐकून फार बरं वाटलं रे, पण तू जे लिहिलंयस ना की इन्शुरन्स कंपनीच देते म्हणजे तो विषय संपला, तो तसा संपत नाही. फोनवर अर्धं राहून जाईल म्हणून लिहूनच काढतो, वहिनींनाही वाचायला दे.

आधी गाव. हे अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं कोलंबस, ओहायोचं नाही. लोकसंख्या ५० हजारांच्या जरा वर, म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं गाव. इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सचं हेडऑफिस इथं आहे आणि पुण्याशी त्यांचं नातं १९६२ पासूनचं, त्यामुळे एवढ्याशा गावात किराणा घेताना मराठी कानावर पडतं. बहुसंख्य गोरे, त्यात म्हातारी माणसं भरपूर, मग आपण भारतीय आणि बाकी एशियन, इंडियानाच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त, आणि मेक्सिकोकडून आलेली कुटुंबं. हे सगळं सांगतोय कारण इथं कोणाला कव्हर आहे नि कोणाला नाही हे बऱ्याच अंशी वय, नोकरी आणि हातातला कागद यावर ठरतं.

देशाचा आकडा बघितलास तर चांगला दिसतो. २०१० मध्ये साधारण १६ टक्के लोक विनाइन्शुरन्स होते, ओबामाकेअरनंतर, म्हणजे ओबामांच्या काळातल्या आरोग्य विमा कायद्यानंतर, २०२३ पर्यंत ते ८ टक्क्यांवर आले. पण ६५ च्या पुढचे जवळजवळ सगळे मेडिकेअर या सरकारी विम्यात असतात, म्हणजे जे उरलेत ते मुख्यतः कामाच्या वयातले. नोकरीला इन्शुरन्स चिकटलाय तो दुसऱ्या महायुद्धापासून. १९४२ मध्ये सरकारनं पगारवाढीवर मर्यादा घातली, मग माणसं टिकवायला कंपन्यांनी पगाराऐवजी इन्शुरन्स द्यायला सुरुवात केली आणि तेच कायम झालं. मोठ्या कंपनीत असलास तर छान, पण हॉटेलात भांडी घासणाऱ्याला किंवा दोन ठिकाणी पार्ट टाइम करणाऱ्याला बहुतेक वेळा मालकाकडून काहीच मिळत नाही.

त्यांच्यासाठी मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा आहे. इंडियानात त्याचा विस्तार २०१५ मध्ये झाला, तेव्हा माइक पेन्स गव्हर्नर होते, ते ह्याच गावचे. नाव हेल्दी इंडियाना प्लॅन. एकटा माणूस वर्षाला साधारण २१,६०० डॉलरच्या आत कमावत असेल (हा २०२५ चा हिशोब) तर त्याला मिळतो. पण अट अशी घातली की महिन्याला थोडे पैसे भरायचे, आणि दारिद्र्यरेषेच्या वरच्यानं नाही भरले तर सहा महिने बाहेर. कोविडमध्ये ती वसुली थांबवली. आता २०२५ च्या नव्या कायद्यानं २०२७ पासून महिन्याला ८० तास काम दाखवायचंय, आणि मला मनापासून वाटतं की हे चूक आहे, कारण काम करणारीच माणसं कागद वेळेत न भरल्यामुळे बाहेर पडतील.

आमच्या कॉम्प्लेक्समध्ये एक कुटुंब राहतं, नवरा छपरं बसवायचं काम करतो. मागच्या उन्हाळ्यात त्याचं मनगट चांगलं टम्म सुजलेलं, त्यावर क्रेप बँडेज गुंडाळून तो पहाटे ट्रकमध्ये शिडी चढवत होता, डॉक्टरकडे गेलाच नाही कारण कव्हर नाही. त्याच आठवड्यात त्याच्या मुलीला मेडिकेडवर नवा चष्मा मिळाला, ती इथं जन्मलेली ना. घर एक, जेवण एक, आणि बापाला काही नाही. अगदी ग्रीन कार्ड असलं तरी मोठ्या माणसाला मेडिकेडसाठी साधारणपणे पाच वर्षं थांबावं लागतं, हा नियम १९९६ चा. कागदच नसतील त्यांना फक्त इमर्जन्सी. मला हे बघवत नाही रे.

आता आपलं. आपण आकडेवारीत कव्हर असलेल्यांमध्ये मोजले जातो, पण ते सगळं एका नोकरीवर लटकलेलं असतं. नोकरी गेली की व्हिसावर जास्तीत जास्त ६० दिवस इथं राहता येतं, आणि तोच प्लॅन कोब्रावर (नोकरी सुटल्यावर तो चालू ठेवायची मुभा देणारा कायदा) पुढं चालवायचा तर कंपनी भरत होती तो हिस्साही तुझ्याच खिशातून. मार्केटप्लेसमधून, म्हणजे ओबामाकेअरच्या विमा बाजारातून, स्वतःही घेता येतो, पण वाढीव सबसिडी २०२५ अखेर संपली, आणि २०२७ पासून आपल्यासारख्या व्हिसावाल्यांना तिथं सबसिडीच मिळणार नाही. म्हणून प्लॅन निवडताना नुसता प्रीमियम बघू नकोस, डिडक्टिबल (इन्शुरन्सनं पैसे द्यायच्या आधी आपण भरायची रक्कम) किती आणि वर्षाला खिशातून जास्तीत जास्त किती जाणार ते बघ, २०२५ मध्ये ती कायदेशीर मर्यादा एका माणसाला ९,२०० डॉलर होती. पहिल्यांदा हॉस्पिटलला गेलास की इन्शुरन्सकडून एक पाकीट येईल, त्यात हजारोंचे आकडे आणि वर छापलेलं असेल "हे बिल नाही". घाबरू नकोस, पण फेकूही नकोस, खरं बिल आलं की दोन्ही शेजारी ठेवून ओळ न ओळ ताड.

आणि काका-काकू. तुझ्या कंपनीच्या प्लॅनमध्ये ते बसणार नाहीत. व्हिजिटर इन्शुरन्स घ्यावा लागेल, आणि त्यात स्वस्तातले प्लॅन प्रत्येक उपचाराला ठरलेलीच रक्कम देतात, वरचं सगळं आपल्यावर, त्यामुळे कॉम्प्रिहेन्सिव्हच घे. तरी काकांचा स्टेंट म्हणजे आधीचा आजार, तो बहुतेक प्लॅन धरत नाहीत, फार तर अचानक बिघडलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत. माझं ऐकशील तर पहिल्या वर्षी त्यांना थोड्याच दिवसांसाठी आण, निघायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांकडून पूर्ण तपासणी करून घे, आणि त्यांची पुण्यातली पॉलिसी काही झालं तरी लॅप्स होऊ देऊ नकोस, खंड पडला तर जुन्या आजारांचा वेटिंग पीरियड परत पहिल्यापासून सुरू होईल.

ऑफर लेटरबरोबर बेनिफिट्सचं जे पीडीएफ आलंय ते सही करायच्या आधी मला पाठव, रविवारी बसून दोघं मिळून बघू. काकांचे डिस्चार्जचे कागदही स्कॅन करून ठेव.

तुझा,
अभय