एम.एस्सी.चा प्रकल्प शेवटच्या सत्रावर ढकलू नका

महोदय,

रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या सांगली-मिरजेच्या मुलांचे सगळे लक्ष थिअरीच्या पेपरांवर असते. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या सत्राला संशोधन पद्धती 4 क्रेडिट, दुसऱ्याला प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण 4, तिसऱ्याला संशोधन प्रकल्प 4 आणि चौथ्याला 6 आहेत. प्रशिक्षणासाठी साखर कारखान्याची प्रयोगशाळाही उत्तम.

घोडे अडते ते प्रकल्पात. संयुग तयार होते, पण वाळवायची घाई होते. इथिल ॲसिटेट या द्रावकाने (विरघळवणाऱ्या द्रवाने) ओलसर असलेली पावडर तशीच एनएमआरला, म्हणजे रेणूची रचना दाखवणाऱ्या चाचणीला पाठवली, की आलेखाच्या पट्टीवर 1.26, 2.05 आणि 4.12 पीपीएमला द्रावकाचेच संकेत उठतात. आपले संयुग त्यांत झाकोळते आणि पुन्हा रांगेत थांबावे लागते. आधी नमुना व्हॅक्यूमखाली नीट वाळवा. टीएलसीवर (घटक वेगळे करून शुद्धता पाहणाऱ्या पातळ थराच्या पट्टीवर) एकच ठिपका हवा, वितळणबिंदू एक-दोन अंशांच्या पट्ट्यात हवा. मगच 5-10 मिलिग्रॅम पाठवा.

महाविद्यालयांनी प्रकल्पाचे विषय दुसऱ्या सत्राअखेरीसच ठरवून द्यावेत, ही आमची कळकळीची विनंती. रसायने मागवण्यातच महिना जातो.

– रसायनशास्त्राचे काही प्राध्यापक, सांगली