केस पेपर दोनच निघाले

पुणे, दि. ११ जानेवारी २०२६

प्रिय नान्या,

लेकीच्या साखरपुड्याला आम्ही आलो नाही म्हणून तू रुसलास, ते बरोबरच आहे. ‘आईला बरं नाही’ एवढा तीन शब्दांचा मेसेज टाकून मी मोकळा झालो होतो. फोनवर सगळं सांगायचं तर स्वतःचा गाढवपणाही सांगावा लागला असता, आणि तुझा आवाज ऐकून मला ते जमलं नसतं. म्हणून आज रविवारचा कागद घेऊन बसलोय.

१६ नोव्हेंबरला मावशीला भेटून साताऱ्याहून परत येत होतो. आनेवाडीचा टोल गेला, खंबाटकीचा बोगदा संपला आणि पुढच्या त्या कुप्रसिद्ध एस वळणावर गाड्या तुंबलेल्या. मी ब्रेक मारला, मागच्या पिकअपवाल्याने नाही मारला. त्याने आम्हाला ढकलत नेऊन पुढच्या ट्रकच्या पाठीवर आपटलं. मी आणि तुझी वहिनी पुढे, पट्टा लावून. आई मागे, पट्ट्याविना, कारण ‘तो गळ्याला काचतो’. २०२२ साली पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले तेव्हा मागच्या सीटच्या पट्ट्यावर मीच तुम्हा सगळ्यांना तासभर पिडलं होतं, आठवतंय ना? आईला मात्र कधी म्हटलं नाही. आईला कोण सांगणार!

ढाब्यावरच्या एका पोराने १०८ ला फोन केला, तुझ्या वहिनीला दार वाकवून बाहेर काढलं, आणि मी नाव विचारल्यावर ‘साहेब, पोलीस नकोत’ म्हणून मागे सरकला. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्येच सांगितलंय आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यासाठी कलम १३४अ पण आलंय. हे मी त्याला तिथे सांगू शकलो असतो. मला तेव्हा ते सुचलं नाही, आणि त्याला ते पटलंही नसतं.

रुग्णवाहिकेत डॉक्टर होता. त्याने हिची मान धरून कॉलर घातली आणि स्ट्रेचरवर घेतलं. आई आपल्या पायांनी चढली. तिचं डोकं खिडकीच्या चौकटीवर आदळलं होतं, कानाच्या वर टेंगूळ आलं होतं. ‘माझं काय रे, रात्री हळद लावते. तिच्याकडे बघ.’ आम्ही तिचं अगदी अक्षरशः ऐकलं.

सरकारी दवाखान्यात हिच्या पोटावर पट्ट्याचा वळ दिसला, दोन बोटं रुंद, जांभळा. डावा खांदा दुखतोय म्हणाली. मला वाटलं, पट्टा त्याच खांद्यावरून जातो, दुखणारच. डॉक्टर बाई मात्र एकदम गंभीर झाल्या. पोटात डावीकडे बरगड्यांखाली असलेल्या प्लीहेतून (स्प्लीनमधून) रक्त आलं की कळ डाव्या खांद्यात निघते म्हणे. सोनोग्राफी केली तर प्लीहेला चीर निघाली. तिथून पुण्याच्या रुग्णालयात हलवलं. ऑपरेशन टळलं, पण पाच दिवस नुसतं पडून राहायचं, नाडी आणि रक्तदाब मोजून घ्यायचा.

काउंटरवर आधी पन्नास हजार भरायला सांगितले. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी ५ मे २०२५ ला केंद्राची कॅशलेस योजना आली आहे: अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, माणशी दीड लाखापर्यंत, योजनेत असलेल्या रुग्णालयात. भाच्याने मोबाइलवर राजपत्र काढून दाखवलं. तोवर ‘आमच्याकडे असं काही येत नाही’ म्हणणारा माणूस मग साहेबांना विचारायला आत गेला, पोलिसांचा कागद आला आणि काम झालं. अपघातानंतर निम्मी ताकद अशा खिडकीपुढेच संपते.

माझी मान त्या दिवशी ठणठणीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासायला खाली वाकता येईना. भीतीच्या भरात शरीर दुखणं दडवून ठेवतं, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून जागेवर ‘मला काही झालं नाही’ असं कोणी म्हणालं तर त्यावर विसंबायचं नाही. हे मी मान धरून ऐकत होतो आणि शेजारच्या बाकावर आई आमच्या तिघांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती. तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

केस पेपर दोनच निघाले. एक हिचा, एक माझा. एमएलसीच्या, म्हणजे पोलिसांना कळवायच्या नोंदीतही दोनच नावं. ‘गाडीत आणखी कोण होतं?’ असं विचारलं होतं रे. मी म्हणालो, ‘आई, पण तिला काही नाही.’

नान्या, तुला ठाऊक आहे, हृदयाची झडप बदलल्यापासून आई रोज रात्री अ‍ॅसिट्रॉम घेते. रक्त पातळ ठेवणारी गोळी. दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते, तपासायला तिला मीच नेतो. म्हणजे माहीत नव्हतं असं म्हणायलाही मला जागा नाही.

नोव्हेंबर संपता संपता आमटीत दोनदा मीठ पडलं. आम्ही हसलो. मग सकाळी डोकं दुखतंय म्हणू लागली. आम्ही म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. ५ डिसेंबरला, अपघाताच्या एकोणिसाव्या दिवशी, देवळातून एका पायात चप्पल घालून घरी आली. डाव्या पायातली कधी निसटली ते तिला कळलंच नव्हतं. तुझी वहिनी, जी स्वतः अजून जपून चालत होती, ती ओरडली, ‘रिक्षा बोलवा, आत्ता.’

सीटी स्कॅनमध्ये उजवीकडे कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त साठलेलं. वय झालं की मेंदू थोडा आक्रसतो, वरच्या बारीक शिरा ताणलेल्या असतात. साध्या टेंगळाएवढ्या मारानेही एखादी फाटते आणि रक्त हळूहळू झिरपत राहतं. त्यात ही गोळी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला, तर तो हसत बोलत असला तरी त्याच दिवशी स्कॅन करतात. हे न्यूरोसर्जनने मला शांतपणे सांगितलं. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

पुढचे दोन दिवस सांगत नाही. गोळी बंद केली तर झडपेवर गाठ धरायची भीती, चालू ठेवली तर डोक्यात रक्त. हृदयाचे डॉक्टर आणि मेंदूचे डॉक्टर यांची फोनाफोनी मी व्हरांड्यात उभा राहून ऐकत होतो. शेवटी रक्त गोठण्याजोगं करून कवटीला दोन भोकं पाडली, आणि काळपट, पातळ रक्त बाहेर काढलं. तिसऱ्या दिवशी तिने डावा पाय उचलला आणि मला विचारलं, ‘दुधाचं बिल दिलंस का?’

तुझ्या लेकीचा साखरपुडा १४ डिसेंबरला होता. आता हिशेब कर.

पैशांचं सांगतो, कारण तू विचारशीलच. कॅशलेसचे सात दिवस कधीच उलटून गेले होते. झिरपणाऱ्या रक्ताला कुठली योजना ठाऊक! पिकअपच्या विम्यावर मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाईचा दावा लावायचा आहे, त्याला सहा महिन्यांची मुदत. वकिलांनी पहिलाच प्रश्न केला, ‘आई गाडीत होत्या याचा कागद?’ कागद नाही. त्या दिवशी पाच मिनिटं थांबून तिचाही केस पेपर काढला असता, तर टेंगळाची नोंद झाली असती आणि कोणीतरी गोळ्या विचारल्या असत्या. शेवटी सापडला तो एक फोटो. विम्यासाठी मी गाडीच्या पोच्यांचे फोटो काढले होते. त्यातल्या एकात, कोपऱ्यात, आई दुभाजकावर बसली आहे, पाण्याची बाटली डोक्याला धरून. मी बंपरवर फोकस केल्यामुळे ती जरा धूसर आली आहे.

अण्णांची बायपासनंतरची गोळी कुठली, तिचा फोटो मला पाठव. आणि त्यांच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेव, मोठ्या अक्षरात.

फेब्रुवारीत लग्नाला नक्की येतो, आईलाही आणतो. ऑपरेशनसाठी अर्धं डोकं भादरलंय, केस आत्ता कुठे उगवायला लागलेत. ती पदर घेऊन बसणार आहे. बायकांना सांगून ठेव, कोणी विचारू नका. आणि मागच्या सीटवर आता पट्टा लावते, गळ्याशी रुमाल ठेवून.

तुझा,
पक्या