काकू, त्या चहाबद्दल थँक्यू

काकू, हे असं सगळ्यांसमोर लिहितोय कारण तोंडावर आभार मानायला गेलो की माझं परत ततपप होणार, तुम्हाला माहितीये.

नऊ वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली रंगकाम केलं. लांबी भरणं, पॉलिश पेपर मारणं, छताला रोलर, सगळं येतं, पण गिऱ्हाईक समोर आलं की घसाच कोरडा. आमचे ठेकेदार तर चार पोरांदेखत म्हणायचे, तू भिंतीशी बोल, माणसांचं मी बघतो. (बघितलं चांगलंच, माझी दोन महिन्यांची मजुरी अजून बघतायत.) मग स्वतःचं पहिलं काम घेतलं तर त्या साहेबांनी दारातच उभं करून तीनदा भाव पाडला, स्वस्तातल्या डिस्टेंपरच्या पैशात महागडं प्रीमियम इमल्शन मारून घेतलं आणि शेवटचे आठ हजार "नंतर बघू". तेव्हापासून मला सवयच लागली, समोरच्याने तोंड उघडायच्या आत आपणच भाव कमी करायचा.

तुमच्याकडे पण तेच केलं. कार्पेट (म्हणजे घराची आतली जागा) ६४० फूट, भिंती-छत मिळून त्याच्या साडेतीन पट धरून २२४० फूट, दोन हात पुट्टी, प्रायमर, वर दोन हात इमल्शन, गाडीवर येताना पाठ करत आलो होतो, बावीस रुपये फूट मटेरियलसकट. बोललो, आणि त्याच दमात, वीसला पण करू काकू, अठराचं पण बघतो. तुम्ही काहीच बोलला नाहीत, सरळ आत गेलात. मला वाटलं संपलं, टेप गुंडाळायला घेतला.

तुम्ही कपबशी घेऊन आलात. "बस आधी. चहा संपेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही."

खुर्चीत बसलो काकू. रंगाऱ्याला बऱ्याच घरात जिन्यातच उभं करून भाव विचारतात, पाणी मागितलं तर गच्चीवरचा नळ दाखवतात, मी तर बशीत ओतायचं पण विसरलो, जीभ भाजली. कप खाली ठेवल्यावर म्हणालात, "मी कमी कर म्हटलं होतं का? आता बावीसमध्ये काय काय करणार ते सांग."

मग जे सुटलो ते सुटलोच. बाथरूममागच्या भिंतीला ओल आहे, आत्ता रंग मारला तर वर्षात पोपडे येतील, आधी प्लंबर बोलवा, ती भिंत मी आत्ता धरतच नाही, हे पण बोलून गेलो. जीभ चावली नंतर, आपलंच काम आपण कमी करतोय म्हणून. तुम्ही म्हणालात, आधी तिघं येऊन गेले, कोणी हे सांगितलं नाही, आणि तिथेच बावीस पक्के केलेत.

पैसे तुम्ही वेळेवर दिलेत, पुढे दोन घरं पण दिलीत, त्याचे उपकार आहेतच. पण मला तो चहाच आठवतो. परवा एका बंगल्यावर भाव सांगितला आणि गप्प बसलो, मनातल्या मनात कपभर चहा पीत. मालक पाच मिनिटं छताकडे बघत होते, मग म्हणाले कधी चालू करताय.

ती ओलीची भिंत आता वाळली असेल. दसऱ्याच्या आत येतो. आणि काकू, भाव बावीसच लागेल.