डायलिसिसचा खर्च दरपत्रकात संपत नाही

महोदय,

सन २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एका डायलिसिसचा खर्च सुमारे दोन हजार रुपये, म्हणजे वर्षाला तीन लाखांहून अधिक, असा हिशेब मांडून जिल्हा रुग्णालयांत ही सोय करण्याची घोषणा झाली. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस बसते. या सोयींमुळे अनेक घरे तरली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु दोन हजारांचे शून्य झाले तरी रुग्णाचा खर्च शून्य होत नाही, हे मी घरातच पाहतो आहे.

माझा धाकटा भाऊ सुरगाणा तालुक्यातून आठवड्यातून तीनदा नाशिकला येतो. पहाटेची एसटी, चार तास मशीनवर, नंतर रक्तदाब उतरला की तासभर बाकावर आडवे होणे, आणि घरी पोहोचेपर्यंत रात्र. सोबत भावजय, तिला अर्धे तिकीट लागते, मात्र दोघांचीही त्या दिवसाची मजुरी बुडते. रक्तवाढीचे इंजेक्शन पुष्कळदा बाहेरून आणावे लागते. पैसे नसले की तो एक पाळी चुकवतो, मग अंगावर सूज चढते, धाप लागते आणि भरती व्हावे लागते. हा खर्च कोणत्या रकान्यात धरायचा?

पोटातून घरच्या घरी करण्याच्या पेरिटोनियल डायलिसिसची चौकशी केली, तेव्हा पोटात सोडायच्या द्रवाच्या पिशव्यांचाच महिन्याचा आकडा पंचवीस-तीस हजारांच्या घरात सांगितला गेला, आणि विषय तिथेच मिटला. दिवसाला दोन लिटरच्या चार पिशव्या, म्हणजे महिन्याला १२०. त्या ठेवायला कोरडी जागा हवी, हात धुण्यात हयगय झाली तर पोटात जंतुसंसर्गाची भीती, हे सारे खरे. मात्र त्याला ना मशीन लागते, ना एका वेळेस शंभर-सव्वाशे लिटर शुद्ध पाणी, ना आठवड्यातून तीन वेळा एसटी.

राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात पेरिटोनियल डायलिसिससाठी केंद्राने २०१९ मध्येच मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. सुरगाणा, पेठ यांसारख्या तालुक्यांतील ज्या रुग्णांना ही पद्धत वैद्यकीयदृष्ट्या चालते, त्यांना या पिशव्या ग्रामीण रुग्णालयातून मोफत मिळाव्यात, आणि त्या हाताळण्याचे शिक्षण घरातील एका माणसास तेथेच द्यावे, अशी आरोग्य विभागास विनंती आहे.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक