‘उपाशी आणा’ म्हणजे किती तास?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला लहान मुलांच्या एमआरआयवरचा लेख वाचला. घाबरू नका, मुलाला धीर द्या, आवडतं खेळणं सोबत न्या, संपला लेख. छायाचित्र सीटी स्कॅनच्या मशीनचं! वर ‘रेडिएशन अगदी कमी असतं’ असा दिलासा. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच. तिथे काळजी करायची ती चुंबकाची, आणि त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. आवडत्या खेळण्यात स्प्रिंग किंवा सेल असले तर काय, हे लेखकालाच विचारावं.

पण खरा संताप आला तो ‘सकाळी मुलाला उपाशीपोटी न्यावं’ या एका वाक्याचा. आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवरही एवढंच खरडलेलं असतं. मग जत, आटपाडीकडचे आई-बाप रात्रीच्या जेवणानंतर लेकराला पाण्याचा थेंबही देत नाहीत आणि मिरजेत नंबर लागतो दुपारी दोनला. तोवर मूल सुकलेलं, शीर सापडत नाही, सुई तीनदा टोचावी लागते, आणि रडून लाल झालेलं मूल झोपेच्या औषधालाही दाद देत नाही.

तपासणीत हलू नये म्हणून लहान मुलाला बऱ्याचदा भूल देतात. उपाशी ठेवायचं ते भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ नये म्हणून. त्याचा साधा हिशेब आहे: जेवण, बिस्कीट, गाई-म्हशीचं किंवा डब्याचं दूध ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास, नुसतं पाणी २ तास. वेळ अकराची असेल तर पहाटे पाचच्या आत दूध-भात, सातपर्यंत अंगावरचं दूध, नऊपर्यंत पाणी. दुधाचा चहा दुधातच धरायचा. पेज आणि वरणाचं पाणी हे ‘पाणी’ नव्हे, ते जेवण. तासांत फरक असेल तर भूलतज्ज्ञ सांगतील तेच खरं, पण निदान विचारा तरी! नाक वाहत असेल, खोकला किंवा ताप असेल तर आदल्या दिवशीच फोन करा. भुलेत श्वासाचा त्रास होण्याचा धोका वाढतो, म्हणून तारीख पुढे ढकलावी लागते.

आणि भूल सगळ्यांना लागते कुठे? तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला बऱ्याचदा उलट पोटभर पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, त्याच्या झोपेतच मशीनमध्ये ठेवतात. अशा बाळाला भुकेलं आणा आणि पाजायचं ते केंद्रावर पोचल्यावर, तपासणीच्या अर्धा तास आधी. सहा-सात वर्षांचं मूल सराव दिला तर जागेपणीही निभावतं. मोबाइलवर त्या मशीनचा आवाज ऐकवा (आत तो १०० डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानात बोळे आणि वर हेडफोन असतात). पलंगाखाली सतरंजीवर उताणं झोपवून, हात बाजूला, पाच मिनिटं न हलण्याचा खेळ खेळा. डोक्याची तपासणी असेल तर तोंडावर जाळीदार कॉइल (चित्रासाठी लहरी टिपणारा पिंजरा) येते. घरात क्रिकेटचं हेल्मेट असेल तर ते घालून बघू द्या. एकेक फेरी काही मिनिटांची असते आणि शेवटच्या मिनिटाला मान हलली तरी ती पूर्ण फेरी पुन्हा. ‘सुई नाही रे बाळा’ असं खोटं मात्र सांगू नका. कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून द्यायचं औषध) द्यायचं असलं की सुई येतेच, आणि मग ते मूल कोणाचंच ऐकत नाही.

धातूचं तर विचारू नका. करदोडा, वाळे, ताईत, केसातली क्लिप, सेफ्टी पिन, चड्डीचा हूक, जरीचं झबलं. ‘चांदी चुंबकाला चिकटत नाही’ असं आजी ठासून सांगतात. बरोबर आहे, पण आतल्या रेडिओलहरींनी ती तापू शकते आणि चित्रही बिघडतं. करदोड्याची गाठ घरीच सोडा, तिथे कात्री मागत फिरू नका. सोबत आत बसणाऱ्या आईनेही जोडवी-मंगळसूत्र काढायचं. डोक्यात शंट (मेंदूतलं जादा पाणी काढणारी नळी) किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी बसवलेलं यंत्र) असेल तर त्याची कागदपत्रं नंबर घेतानाच दाखवा. काही शंटच्या झडपेचं ठरवून दिलेलं सेटिंग चुंबकाने बदलतं, ते नंतर तपासून घ्यावं लागतं. तपासणी चालू नसली तरी चुंबक चालूच असतो. २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेलेल्या नातेवाइकाचा जीव गेला. ती बातमी आपणही छापली असेल.

जाता जाता एक. माझ्या मागच्या पत्रातले सगळे आकडे गाळून आपण ‘डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’ एवढंच छापलंत. या वेळी जागा कमी पडली तर माझा संताप कापा, ६-४-२ तेवढं राहू द्या.

आपली,
भूल विभागातील एक परिचारिका, मिरज
(नाव छापू नये)